पन्नास अंश, तीस सेकंद

त्वचेचा लेशमॅनियासिस जीव घेत नाही. आरोग्याच्या हिशेबात तो मागे राहिला, त्याचे मोठे कारण हेच. वाळूमाशी चावताना लेशमॅनिया नावाचा परजीवी त्वचेत सोडते, चावल्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी येते, ती वाढत जाऊन मधोमध फुटते आणि उंच काठांचा, बहुधा न दुखणारा व्रण तयार होतो. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभर तसाच राहतो. बरा झाला तरी खोलगट वण मागे ठेवतो, आणि माशी उघड्या अंगालाच चावत असल्याने तो वण बहुतेकदा गालावर, नाकावर, कपाळावर किंवा हातावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी ६ ते १० लाख लोकांना हा आजार नव्याने होतो. अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, अल्जीरिया, ब्राझील, कोलंबिया, पेरू ही त्याची मोठी ठाणी. काबूलमध्ये चेहऱ्यावर व्रण असलेल्या मुलीचे लग्न जमणे अवघड होते. व्रण असलेल्या आईने लेकराला जवळ घेऊ नये, असेही तिथल्या काही घरांत सांगितले जाते. नुसत्या स्पर्शाने हा रोग पसरत नाही, पण भीती ते ऐकत नाही. ज्या आजाराने माणूस मरत नाही त्याने माणसाचे किती नुकसान होते, हे मृत्यूच्या आकड्यांत दिसतच नाही.

औषध आहे, आणि ते जुने आहे. ब्राझीलमध्ये गास्पर व्हियाना यांनी १९१२ मध्ये अँटिमनीचा क्षार या व्रणांवर वापरला. पुढे कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले आणि लेशमॅनियाच्याच दुसऱ्या जातीने होणाऱ्या काळ्या आजाराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आज वापरात असलेली सोडियम स्टिबोग्लुकोनेट आणि मेग्लुमिन अँटिमोनिएट ही औषधे त्याच घराण्यातली. मात्रा वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, रोज, सलग सुमारे २० दिवस, स्नायूत किंवा शिरेत. या काळात सांधे दुखतात, भूक मरते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, यकृतावर ताण पडतो, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचे आणि ईसीजी काढायचा. ज्या वाड्यावस्त्यांवर हा आजार असतो तिथून ईसीजीचे यंत्र फार लांब असते. हातावरच्या एका व्रणासाठी सबंध शरीरात इतके तीव्र औषध फिरवायचे का, हा प्रश्न डॉक्टरांना पूर्वीपासून टोचत आला आहे. व्रणातच थेट इंजेक्शन देणे हा मधला मार्ग निघाला आणि तो बऱ्याच ठिकाणी चांगला चालतो. मात्र सुजून तटतटलेल्या कातडीत दर आठवड्याला सुई घालायची, तीही एखाद्या पोराच्या नाकाच्या शेंड्यावर, हे देणाऱ्यालाही जड जाते.

उष्णतेचा विचार पुढे आला तो या परजीवीच्या एका कमजोरीमुळे. लेशमॅनिया आपल्या भक्षक पेशींच्या आत राहतो. जंतू गिळून मारायचे काम ज्या पेशींचे, त्यांच्याच पोटात तो वाढतो. मात्र सगळ्या जातींना सगळे तापमान मानवत नाही. यकृतात आणि प्लीहेत जाऊन काळा आजार करणारी जात शरीराच्या आतल्या ३७ अंशांत निवांत वाढते. त्वचेत व्रण करणाऱ्या जातींना त्वचेचा थंडावा हवा असतो, ३५ अंशांच्या आसपासचा. जोनाथन बर्मन आणि फ्रँकलिन नेवा यांनी १९८१ मध्ये माणसाच्या भक्षक पेशींत हे परजीवी वाढवून दाखवले, की पारा ३९ कडे सरकला की त्वचेच्या जाती तग धरेनाशा होतात. हा आजार गालावर आणि मनगटावर राहतो, पोटात शिरत नाही, याचे निदान अर्धे उत्तर यात आहे. शत्रूला थंड जागा लागते, तर ती जागा तापवावी, इतका हा सरळ विचार. उष्णतेने रोगजंतू मारण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. मेंदूपर्यंत गेलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणणाऱ्या वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल मिळाले होते. पण तो सगळ्या शरीराचा ताप होता. इथे प्रश्न रुपयाएवढ्या जागेचा होता.

सुरुवातीला गरम पाण्याच्या पिशव्या, तापवलेले पॅड, अवरक्त दिवे असे सगळे करून झाले. अडचण एकच होती. वरची कातडी भाजते आणि खाली, जिथे परजीवी आहे तिथे, किती ऊब पोहोचली ते कळत नाही. रेडिओ लहरींनी ही अडचण बरीचशी सोडवली. बॅटरीवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्राची दोन टोके व्रणावर टेकवायची. त्यांच्यामधून जाणारा प्रवाह ऊतींमध्येच उष्णता निर्माण करतो आणि यंत्र ती ५० अंशांवर धरून ठेवते. आधी व्रण स्वच्छ करायचा, भोवती भुलीचे इंजेक्शन द्यायचे, मग एकेका जागी ३० सेकंद, टोके सरकवत सरकवत सगळा व्रण आणि त्याच्या कडेची थोडी निरोगी दिसणारी त्वचाही घ्यायची, कारण परजीवी काठालाच जास्त असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका यंत्राला २००३ मध्ये मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१० च्या अहवालात हा उपचार स्थानिक उपायांमध्ये धरला. उपचारानंतर त्या जागी फोड येतात, पाणी सुटते, वरवरचे भाजल्यासारखे होते. काही दिवस मलम आणि पट्टी लागते.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शब्द येणार हे मला दिसते आहे: डागणी. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची अघोरी प्रथा आरोग्यसेवकांना अजून निपटून काढावी लागते. या दोहोंची आणि या उपचाराची सरमिसळ कुणी करू नये, एवढ्यासाठी हे स्पष्ट लिहितो. लाल झालेल्या लोखंडाचे तापमान शेकडो अंश असते. ते ऊती जाळते, परजीवीच्या आधी माणसाच्या पेशी मारते आणि जखम चिघळायला मोकळे रान देते. ५० अंशांवर ३० सेकंदांत माणसाची त्वचा बहुतांश वाचते आणि परजीवीचा जोर मोडतो. सगळा उपचार या अरुंद फटीत उभा आहे. फट एका बाजूला चुकली तर उपयोग नाही, दुसऱ्या बाजूला चुकली तर माणूस भाजतो. म्हणून घरी चमचा तापवून, मेणबत्तीने किंवा इस्त्रीने हे करू पाहणे धोक्याचे आहे.

आता पुरावा. पहिली नीट आखलेली चाचणी ग्वाटेमालात झाली आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण ६६, तीन सारखे गट. एका गटाला अँटिमनीची इंजेक्शने, दुसऱ्याला आठवड्याच्या अंतराने तीनदा उष्णता, तिसऱ्याला नुसता दिखाऊ उपचार. पहिल्या दोन्ही गटांत २२ पैकी १६ जण बरे झाले, म्हणजे ७३ टक्के. तिसऱ्या गटात ६ जण, २७ टक्के. या शेवटच्या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. त्वचेचा लेशमॅनियासिस बऱ्याचदा आपला आपण बरा होतो, कुठल्या जातीचा आहे त्यावर महिने ठरतात. तुलनेचा गट न ठेवता ‘इतके टक्के बरे झाले’ असे सांगणाऱ्या अहवालांत निसर्गाने बरे केलेले किती आणि उपचाराने किती, हे वेगळे काढता येत नाही. उष्णतेविषयीचे साहित्य चाळताना अशा अहवालांचा ढीग लागतो. त्यांतल्या मोठमोठ्या टक्क्यांवर विसंबून मत बनवू नये.

काबूलची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि या सगळ्या वाङ्‌मयात मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते ती हीच. रिचर्ड रायथिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०१ रुग्णांना तीन गटांत वाटले: एकदाच उष्णता, व्रणात पाच इंजेक्शने, किंवा २१ दिवस रोज स्नायूत इंजेक्शन. काबूलमधला परजीवी ‘ट्रॉपिका’ जातीचा, माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे जाणारा. शेवटच्या हिशेबात उष्णतेच्या गटातले १०८ पैकी ७५ बरे निघाले, व्रणात इंजेक्शन घेणारे ९३ पैकी ७०, स्नायूत घेणारे ५८ पैकी २६. टक्क्यांत मांडले तर ६९, ७५ आणि ४५. बरे व्हायला लागलेले दिवसही उष्णतेच्या गटात सर्वांत कमी. टक्के बाजूला ठेवून छेद पाहा: १०८, ९३, ५८. एक भेट ज्यांच्या वाट्याला आली त्यांतले बरेच शेवटपर्यंत हिशेबात राहिले. एकवीस दिवस यायचे होते त्यांतले फार थोडे उरले. युद्धाने मोडलेल्या शहरात, जिथे एका फेरीचे भाडेही जड, तिथे एकवीस सुयांचा उपचार कागदावरच पूर्ण होतो. उपचार किती गुणकारी, हे त्याच्यापर्यंत माणूस किती वेळा पोहोचू शकतो याच्यापासून तोडून मोजता येत नाही, असे माझे मत या छेदांनी पक्के केले.

इराकमध्ये ‘मेजर’ जातीचा आजार झालेल्या अमेरिकी सैनिकांवर नेओमी अ‍ॅरन्सन यांच्या गटाने उष्णतेची तुलना शिरेतून दिलेल्या अँटिमनीशी केली. वर्षभरानंतर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीच्या निघाल्या, आणि दोन्हींत निम्म्याच्या आसपासच रुग्ण बरे झाले. त्रासाचे प्रकार मात्र वेगळे होते. उष्णतेने कातडीवर फोड आणले, अँटिमनीने सांधे, स्नायू आणि स्वादुपिंड बिघडवले. याच गटाने पुढे रक्तातले प्रतिकारशक्तीचे संकेत तपासले तेव्हा दोन्ही उपचारांनंतर बरे होण्याची अंतर्गत चाल सारखीच दिसली. म्हणजे उष्णता सगळे परजीवी जागच्या जागी भाजून काढते, हे चित्र अपुरे आहे. ती परजीवीचा भार उतरवते आणि पुढचे काम शरीर स्वतः करते, असे मानायला जागा आहे. २०१५ मध्ये आठ नियंत्रित चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेबही बरोबरीचाच निघाला: उष्णता ७३ टक्के, शरीरभर दिलेली अँटिमनी ७१ टक्क्यांच्या आसपास.

या सरासरीवर थांबलो तर लेख इथेच संपवता आला असता, आणि तो चुकीचा झाला असता. सरासरीत काबूल आणि कोलंबिया एकत्र मिसळतात. त्यांना एकत्र मिसळणे बरोबर नाही.

कोलंबियात हा आजार जंगलाचा आणि म्हणून युद्धाचा. अर्धशतकाहून अधिक चाललेल्या यादवीत गनिमी बंडखोर आणि त्यांना शोधत फिरणारे सैनिक दोघेही त्याच झाडीत झोपले, दोघांनाही त्याच माशा चावल्या. तरी जनमानसात तो ‘बंडखोरांचा आजार’ ठरला. अंगावर व्रण घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात आलेल्या शेतकऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. अँटिमनीचे औषध बाजारात खुले नव्हते, त्याचे वाटप सरकारच्या हाती होते आणि साठ्याचा मोठा भाग सैन्याकडे जाई. लिना पिंटो-गार्सिया यांनी या आजाराचा आणि युद्धाचा गुंता तपशिलाने मांडला आहे. अशा जागी औषधाच्या कुपीवर अवलंबून नसलेला उपचार किती मोलाचा ठरला असता, हे वेगळे सांगायला नको. आणि नेमक्या याच जागी उष्णता कमी पडली. कोलंबियाच्या सैनिकांवर झालेल्या २०१२ च्या चाचणीत, २९२ रुग्णांमध्ये, उपचार पूर्ण केलेल्यांपैकी उष्णतेने ६४ टक्के बरे झाले आणि अँटिमनीने ८५ टक्के. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कारण परजीवी वेगळा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ‘ब्राझिलिएन्सिस’, ‘पॅनामेन्सिस’ या जाती त्वचेवरच्या व्रणापुरत्या थांबतीलच असे नाही. व्रण बरा होऊन वर्षे लोटल्यावर, विशेषतः ‘ब्राझिलिएन्सिस’च्या बाबतीत, काहींच्या नाकाच्या आतले अस्तर, टाळू, घसा झिजू लागतो आणि चेहरा विद्रूप होतो. जागच्या जागी दिलेली ऊब तिथपर्यंत पोहोचत नाही. अँटिमनी हा धोका पुरता टाळते असेही नाही, पण निदान ती सगळ्या शरीरात फिरते. म्हणून अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात उष्णतेला जागा दिली ती अटींसह: व्रण थोडे, आकाराने लहान, चेहऱ्याच्या नाजूक भागांपासून दूर, आणि रुग्णावर पुढे लक्ष ठेवता येईल अशी सोय. शेवटची अट वाचायला सोपी आहे. ज्या रुग्णाला वीस दिवस येता येत नाही म्हणून उष्णता दिली, त्याला पुढची दोन वर्षे तपासणीला बोलवायचे, हा पेच मार्गदर्शनाच्या पानांवर सुटत नाही.

या पेचातून पुढे आलेला मार्ग जोडउपचाराचा. मिल्टेफोसिन ही तोंडाने घ्यायची गोळी मुळात कर्करोगासाठी शोधलेली. भारताने २००२ मध्ये तिला काळ्या आजारासाठी जगात प्रथम परवानगी दिली. एकटी घ्यायची तर २८ दिवस, उलट्या-जुलाब सोसत. कोलंबिया आणि पेरूमधल्या एका चाचणीत १३० रुग्णांना एकदा उष्णता दिली आणि त्यांतल्या निम्म्यांना जोडीला तीन आठवडे मिल्टेफोसिन. तीन महिन्यांनी नुसत्या उष्णतेने ५७.८ टक्के बरे झाले होते, जोडीने ८०.३ टक्के. उष्णतेने व्रणातला भार उतरवायचा आणि गोळीने इतरत्र दडलेल्यांचा पाठलाग करायचा, हा तर्क या आकड्यांत बसतो. मात्र मिल्टेफोसिन गर्भाला घातक आहे. उपचारादरम्यान आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. ज्या खेड्यांत गर्भनिरोधक साधने हाताशी नाहीत तिथे ही गोळी बायकांना देताना डॉक्टरचा हात आखडतो, आणि तो आखडायलाच हवा.

यंत्राच्या किमतीचाही प्रश्न आहे. एकदा घेतले की शेकडो रुग्णांना पुरते, हे खरे. पण ते पहिल्यांदा घेणार कोण? औषध दर रुग्णाला पुन्हा विकले जाते, उष्णता विकता येत नाही. तिच्यामागे जाहिरातही नाही आणि खरेदीसाठी आग्रह धरणाराही कुणी नाही. लिमामध्ये यावर एक साधा उपाय तपासला गेला: सोडियम अ‍ॅसिटेटची पिशवी, थंड प्रदेशांत हात शेकायला वापरतात तशी. आतली धातूची चकती दाबली की द्रावण गोठू लागते आणि पिशवी ५२ अंशांच्या आसपास तापते. तीन मिनिटे व्रणावर धरायची, सात दिवस रोज. वापरून झाली की उकळत्या पाण्यात टाकायची, पुन्हा तयार. वीज नको, भूल नको. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या चाचणीत ६० टक्के बरे झाले. रुग्ण फक्त २५ होते, म्हणून या आकड्यावर फार भार देता येणार नाही. पण पेरूमध्ये, अवघड जातींच्या मुलखात, ६० टक्के हा निरुत्साही करणारा आकडा नाही. इतका स्वस्त उपाय मोठ्या, नियंत्रित चाचण्यांनी तपासून निकालात काढायला हवा होता, मग निकाल कसाही लागो.

भारतात या प्रश्नाचे केंद्र बिकानेर आहे. थरच्या वाळवंटात ‘ट्रॉपिका’ जात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातील राम अवतार बम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ओहायो स्टेट विद्यापीठातील अभय सातोसकर यांच्या सहभागाने, १०० रुग्णांची चाचणी घेतली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रेडिओ लहरींची उष्णता फक्त एकदा, निम्म्यांना व्रणात सात इंजेक्शने. सहा महिन्यांनी उष्णतेच्या गटात ९८ टक्के बरे, इंजेक्शनांच्या गटात ९४. त्याआधी २०११ मध्ये एचआयव्हीच्या संसर्गातही हा उपचार लागू पडल्याची नोंद याच गटाने ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला अँटिमनी सोसत नाही, म्हणून ती नोंद लहान असली तरी महत्त्वाची. काबूलचे ६९ आणि बिकानेरचे ९८ यांतली तफावत रुग्ण निवडण्याच्या आणि पाठपुराव्याच्या पद्धतीतूनही आली असेल. तरी दोन्हीकडे परजीवी त्याच जातीचा, आणि दोन्हीकडे एका भेटीचा उपचार अनेक भेटींच्या जवळ पोहोचला किंवा पुढे गेला. राजस्थानात हा पहिल्या पसंतीचा उपचार व्हावा, इतका पुरावा माझ्या मते जमलेला आहे.

हिमाचलमध्ये, सतलजच्या खोऱ्यात, आणि केरळच्या अगस्त्यमलाई डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर गोष्ट गुंतागुंतीची होते. तिथे त्वचेच्या व्रणांत ‘डोनोव्हानी’ सापडतो, म्हणजे बिहारमध्ये काळा आजार करणारी जात. सतलजच्या खोऱ्यात ‘ट्रॉपिका’ही आहे. श्रीलंकेतला त्वचेचा आजारही ‘डोनोव्हानी’चाच. आतल्या ३७ अंशांत सुखाने वाढणारी ही जात उष्णतेला दाद देईल का, ही शंका रास्त होती. श्रीलंकेतल्या चाचण्यांत रेडिओ लहरींचा उपचार व्रणातल्या इंजेक्शनांपेक्षा कमी पडला नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. पण ज्या जातीला शरीरात खोल जाण्याची वाट ठाऊक आहे तिच्या रुग्णाला एकदा ऊब देऊन घरी धाडणे आणि विसरणे योग्य नाही.

महाराष्ट्रात या आजाराचा प्रादेशिक फैलाव नाही. वाळूमाशी मात्र आपल्याला अनोळखी नाही. नागपूरजवळच्या गावाचे नाव मिळालेला चांदिपुरा विषाणू तिच्यामार्फतच पसरतो असे मानले जाते. आखाती देशांतून किंवा राजस्थानातून परतलेल्या माणसाच्या हातावर महिनोन्‌महिने न भरणारा, न दुखणारा व्रण दिसला, तर आपल्याकडच्या डॉक्टरने क्षयाच्या आणि बुरशीच्या जोडीने लेशमॅनियाही आठवावा. व्रणाच्या काठाचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे पहिल्या तपासणीला पुरते. जात कुठली, हे जनुकीय चाचणीनेच कळते. उष्णता द्यायची की नाही याचा निर्णय जातीवर अवलंबून असल्याने ती तपासणी टाळून चालत नाही.

सर्वांत मोठी पोकळी गर्भवतींच्या बाबतीत आहे. अँटिमनी त्यांना देणे टाळतात, मिल्टेफोसिन तर देताच येत नाही. गर्भारपणात हे व्रण जास्त फोफावतात, असे ब्राझीलमधल्या डॉक्टरांचे निरीक्षण आहे. उपलब्ध उपचारांत ज्याचा अंश पोटातल्या बाळापर्यंत पोहोचण्याचे कारण सर्वांत कमी, तो उष्णतेचाच. थोडी भूल आणि तीस सेकंदांची ऊब. तरीही उष्णतेच्या चाचण्यांतून गर्भवतींना बहुतेक वेळा आधीच वगळले जाते, कारण त्या चाचण्या औषधाशी तुलना करण्यासाठी आखलेल्या असतात आणि औषधाच्या बाजूला त्या बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा, औषधाच्या गटाशिवायचा अभ्यास आखायला हवा. बिकानेर आणि काबूल दोन्हीकडे तो करता येईल इतका अनुभव जमला आहे. औषध कंपनी त्यासाठी पैसे घालणार नाही, तेव्हा तो सरकारी निधीतूनच करावा लागेल.